धाराशिवचे दोन सप्टेंबर

सामूहिक अस्मितेविषयी मराठीत होणाऱ्या चर्चेत दोन गृहीतके सहसा तपासली जात नाहीत. जागतिकीकरण ही बाहेरून येणारी लाट असून ती स्थानिक संस्कृती धुऊन नेते, हे पहिले. एखाद्या समाजाने इतिहासात सोसलेला आघात त्या समाजाला आपोआप एका सूत्रात बांधतो, हे दुसरे. देशीवादाच्या चर्चेपासून अलीकडच्या अस्मितेच्या राजकारणापर्यंत ही गृहीतके निरनिराळ्या रूपांत भेटतात. धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्याचा गेल्या पाऊणशे वर्षांचा इतिहास समोर ठेवला, तर मात्र ती दोन्ही अपुरी वाटू लागतात.

या जिल्ह्याच्या स्मृतीत दोन सप्टेंबर आहेत. एक १९४८ चा, दुसरा १९९३ चा. पहिल्यात माणसांनी माणसांना मारले, दुसऱ्यात जमीन हादरली. पहिल्याविषयी अर्धेच बोलले जाते. दुसऱ्याविषयी जगभर बोलले गेले. समाजशास्त्रज्ञ जेफ्री अलेक्झांडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली सांस्कृतिक आघाताची जी मांडणी केली, तिचा गाभा येथे उपयोगी पडतो. घटना कितीही भयंकर असली तरी ती स्वतःहून सामूहिक आघात ठरत नाही. काय घडले, कोणावर घडले, कोणी घडवले आणि त्याचा बाकीच्यांशी काय संबंध, हे कोणीतरी सांगावे लागते, आणि ते इतरांना पटावे लागते. ही मांडणी मान्य केली तर पुढचा प्रश्न असा उरतो की, हे सांगण्यासाठी लागणारी भाषा कोणाला मिळते? माझे म्हणणे असे आहे की, धाराशिवची अस्मिता आघातांनी जितकी घडवली, तितकीच किंवा त्याहून अधिक ती भाषेच्या या विषम वाटपाने घडवली. आणि या वाटपात जागतिकीकरणाचा हात मोठा आहे.

आधी १९४८ चा सप्टेंबर पाहू. त्या वेळचा उस्मानाबाद जिल्हा आजच्यापेक्षा मोठा होता. लातूरही त्यातच होते आणि तो वेगळा जिल्हा १९८२ साली झाला. हैदराबाद संस्थानाच्या पश्चिम सीमेवरचा हा मुलूख. पलीकडे सोलापूर आणि बार्शी हा इंग्रजी मुलूख, अलीकडे लोकांच्या बोलण्यातली ‘मोगलाई’. रझाकारांच्या संघटनेचा नेता कासिम रझवी हा लातूरचाच वकील होता. १९४७-४८ मध्ये सीमेवरच्या गावांनी रझाकारांची जाळपोळ, लूट आणि हत्या सोसल्या. अनेक कुटुंबे घरदार सोडून सोलापूर-बार्शीकडे गेली. सीमेवरच्या सशस्त्र कॅम्पांतून तरुणांनी प्रतिकार केला. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्याची मुख्य तुकडी सोलापूरकडून संस्थानात शिरली ती नळदुर्गाच्या वाटेने, आणि या कारवाईतली पहिली चकमक याच जिल्ह्यात झाली. १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. हा भाग आपल्याला ठाऊक आहे. तो मुक्तिसंग्राम दिनी सांगितला जातो, अनंत भालेरावांच्या ‘हैद्राबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा’ या ग्रंथात आहे, नरहर कुरुंदकरांच्या लेखनात आहे. तो सांगितला गेला हे योग्यच झाले.

परंतु सप्टेंबर तेथे संपला नाही. कारवाईच्या दिवसांत आणि त्यानंतरच्या आठवड्यांत संस्थानात मुसलमानांच्या मोठ्या प्रमाणावर हत्या झाल्याच्या बातम्या दिल्लीपर्यंत पोहोचल्या. तेव्हा नेहरूंच्या सरकारने पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना मिस्री यांचे मंडळ पाहणीसाठी पाठवले. नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये त्यांनी दौरा केला. त्यांच्या अहवालानुसार, अगदी सावध अंदाजानेही संपूर्ण संस्थानात सत्तावीस ते चाळीस हजार माणसे मारली गेली. सर्वाधिक झळ बसलेले चार जिल्हे त्यांनी नोंदवले : उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. या चार जिल्ह्यांतील मृतांचा त्यांचा अंदाज अठरा हजारांच्या आसपास आहे. याच अहवालात हिंदू शेजाऱ्यांनी जिवावर उदार होऊन मुसलमान शेजाऱ्यांना वाचवल्याच्याही नोंदी आहेत. सरकारने हा अहवाल प्रसिद्ध केला नाही. तो सर्वसाधारण वाचकाच्या हाती पूर्ण स्वरूपात पडला तो २०१३ साली, ए. जी. नूरानी यांच्या इंग्रजी ग्रंथाचे परिशिष्ट म्हणून. म्हणजे घटनेनंतर पासष्ट वर्षांनी, आणि तोही इंग्रजीत.

अहवालातील आकड्यांविषयी मतभेद असू शकतात; इतिहासकारांनी ते जरूर तपासावेत. येथे मुद्दा आकड्याचा नसून सांगण्याचा आहे. एकाच महिन्यात, एकाच मुलखात, काही वेळा एकाच गल्लीत घडलेल्या दोन दुःखांपैकी एकाला समारंभ मिळाला, झेंडावंदन मिळाले, हुतात्मा स्मारके मिळाली. दुसरे घराच्या आतच राहिले. घरात राहिलेले दुःख विसरले जाते असे नाही. ते आजीच्या अर्ध्या वाक्यातून नातवापर्यंत जाते. पण त्याला गावाची मान्यता नसते, आणि म्हणून ते गावाच्या अस्मितेचा भाग होत नाही. ते फक्त एका समाजाचे राहते, आणि तेही कुजबुजीच्या रूपात.

आता दुसरा सप्टेंबर. २९ सप्टेंबर १९९३ ला गणेश विसर्जन झाले आणि ३० सप्टेंबरच्या पहाटे चारच्या सुमारास भूकंप झाला. लातूर जिल्ह्यातील किल्लारी हे नाव जगाला ठाऊक झाले. उस्मानाबाद जिल्ह्यातील, तेव्हाच्या उमरगा तालुक्यातले सास्तूर आणि त्याच्या आसपासची गावे तितकीच उद्ध्वस्त झाली. मृतांचा आकडा आठ ते दहा हजारांच्या दरम्यान सांगितला जातो. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचे जड माळवद, अशी येथल्या घरांची परंपरागत बांधणी. उन्हाळ्यात गारवा देणाऱ्या त्याच घरांनी त्या पहाटे झोपलेल्या माणसांना गाडले.

हा भूकंप नेमका जागतिकीकरणाच्या उंबरठ्यावर झाला हे लक्षात घेतले पाहिजे. १९९१ चे आर्थिक धोरण दोन वर्षांचे होते, उपग्रह वाहिन्या नुकत्याच घरांत शिरू लागल्या होत्या. दोन-तीन दिवसांत जगभरचे कॅमेरे या गावांत पोहोचले. पाठोपाठ स्वयंसेवी संस्था आल्या, उद्योगसमूहांनी गावे दत्तक घेतली आणि जागतिक बँकेच्या कर्जातून पुनर्वसनाचा अवाढव्य प्रकल्प उभा राहिला. बावन्न गावे नव्या जागी वसवली गेली. या मदतीने लाखो माणसे सावरली, हे कृतज्ञतेने मान्य केलेच पाहिजे. मात्र मदतीबरोबर एक भाषाही आली. पूर्ण स्थलांतरित गावांत घर किती मोठे मिळेल हे धारण केलेल्या जमिनीवर ठरले : भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला २५० चौरस फूट, सात हेक्टरपर्यंत ४००, त्यापुढे ७५०. गल्ली, आळी, पार, वेस या क्रमाने शतकानुशतके वाढलेले गाव सरळ रेषांच्या आराखड्यात मांडले गेले. धान्याचे बळद, ओसरी, जनावरांचा सोपा यांना त्या आराखड्यात जागा नव्हती. पुढे लोकांनी आपापल्या परीने पत्रे टाकून, कूड घालून, भिंती वाढवून त्या घरांत आपले घर शोधले.

१९९३ च्या आघाताला अशी भाषा मिळाली. पण ती चौरस फुटांची, लाभार्थ्यांची आणि प्रकल्प-अहवालांची होती. ज्या बाईने पहाटे ढिगाऱ्याखालून आवाज ऐकला आणि तो थांबल्याचेही ऐकले, तिला या भाषेत ‘बाधित कुटुंब’ एवढेच नाव होते. तरीही एक गोष्ट घडली. या दुःखाला सार्वजनिक मान्यता मिळाली. दरवर्षी ३० सप्टेंबरला स्मृतिस्तंभांपाशी श्रद्धांजली वाहिली जाते, वर्तमानपत्रांत लेख येतात. ‘आम्ही भूकंपग्रस्त’ असे एखादा माणूस म्हणतो, तेव्हा तो जात किंवा धर्म सांगत नाही. ढिगाऱ्याखाली सगळेच सापडले होते. म्हणून १९९३ ची स्मृती जिल्ह्याची झाली आणि १९४८ ची स्मृती विभागलेली राहिली.

कोणी म्हणेल की हा निसर्ग आणि माणूस यांतील फरक आहे. भूकंपात गुन्हेगार नसतो, म्हणून त्याविषयी बोलणे सोपे. हे खरे आहे, पण पुरेसे नाही. माणसाने माणसावर केलेल्या अत्याचारांची भाषाही जगाने घडवलीच आहे. आपल्याकडे ती घडली फाळणीच्या निमित्ताने. मंटो, भीष्म साहनी, अमृता प्रीतम यांच्या लेखनाने पंजाबच्या दोन्ही बाजूंना रडण्यासाठी शब्द दिले. आपल्या मराठी विभागांतही फाळणीचे साहित्य अनुवादातून आवडीने वाचले जाते. ‘टोबा टेक सिंग’ शिकवताना वर्ग स्तब्ध होतो. पण ज्या महाविद्यालयात हा तास चालतो, तेथून तासाभराच्या अंतरावर १९४८ साली काय घडले याविषयी त्या वर्गाजवळ एकही कथा नसते. लाहोरचे वेड आपल्याला कळते. नळदुर्ग, उमरगा, लातूर येथले मौन आपल्याला कळत नाही. हैदराबादी समाजाच्या ऱ्हासावरची जिलानी बानो यांची ‘ऐवान-ए-ग़ज़ल’ ही उर्दू कादंबरी आपल्याच जुन्या संस्थानाची आहे. मराठवाड्यातल्या किती मराठी अभ्यासकांनी ती आपल्या वाङ्मयीन वारशाचा भाग म्हणून वाचली आहे?

येथे जागतिकीकरणाचा दुसरा चेहरा दिसतो. स्थानिक कथा सांगितली गेली नाही म्हणून जागा रिकामी राहत नाही. ती बाहेरून येणाऱ्या तयार मालाने भरते. भ्रमणध्वनीवर येणाऱ्या चित्रफितींतला हिंदू आणि मुसलमान कोणत्याही गावचा नसतो. त्याची बोली नाही, त्याचे शेत नाही, त्याचा शेजारी नाही. तो दिल्लीत, गुजरातेत, पाकिस्तानात किंवा मध्यपूर्वेत घडलेल्या घटनांचा मिळून तयार झालेला असतो. ज्या तरुणाला आपल्या गावात १९४८ साली कोणी कोणाला मारले आणि कोणी कोणाला माळवदावर लपवले हे ठाऊक नाही, त्याला ही उसनी स्मृती स्वतःची वाटते. जागतिकीकरण संस्कृती पुसते असे आपण म्हणतो. वस्तुतः ते बरेचदा संस्कृती पुरवते, आणि मौन पाळलेल्या जागी तिला गिऱ्हाईक लवकर मिळते.

बाहेरच्या जगाशी संबंध आला की आपले नष्ट होते, असे मानण्याचे कारणही या जिल्ह्याला नाही. तेर हे गाव याच जिल्ह्यातले. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवृत्तात ‘तगर’ म्हणून त्याचा उल्लेख आहे. तेथून कापड गाड्यांवर लादून भडोचच्या बंदरात जाई, आणि तेथून समुद्रापार. तेरच्या उत्खननांत रोमन संपर्काच्या खुणा मिळाल्या. तेथे सापडलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती इटलीतील पाँपेई येथे मिळालेल्या मूर्तीची सख्खी बहीण वाटावी अशी आहे. याच तेरात पुढे गोरोबाकाकांनी मडकी घडवली आणि अभंग रचले. रोमशी व्यापार करणाऱ्या गावाने आपली भाषा, आपला संत, आपली माती गमावली नाही. त्या व्यापारात तगरचा माणूस विणकर होता, माल त्याचा होता.

आज काय बदलले आहे ते सोयाबीनकडे पाहून कळते. खरिपात ज्वारी, तूर, उडीद घेणाऱ्या या जिल्ह्यात गेल्या दोन-तीन दशकांत फार मोठे क्षेत्र सोयाबीनखाली गेले. ज्वारी माणसाला भाकरी देत होती आणि जनावराला कडबा. सोयाबीन शेतकऱ्याच्या ताटातही येत नाही आणि दावणीलाही नाही. त्याचा भाव पामतेलाच्या आयातीवर आणि परदेशातील बाजारांवर हलतो. ऑगस्ट २०२१ मध्ये, नवे पीक बाजारात येण्याच्या तोंडावर, केंद्र सरकारने जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनच्या बारा लाख टन पेंडीच्या आयातीला परवानगी दिली आणि चढलेले दर उतरले. कळंब तालुक्यातले भास्कर चंदनशिव यांची ‘लाल चिखल’ ही कथा जागतिकीकरण हा शब्द रूढ होण्यापूर्वीची आहे. त्या कथेतल्या टोमॅटोवाल्या शेतकऱ्यापुढे बाजार तरी होता; त्याला आपला संताप गिऱ्हाइकांच्या डोळ्यांदेखत पायाखाली तुडवता आला. सोयाबीनच्या शेतकऱ्याला संताप कोणासमोर करावा हेच ठाऊक नाही. ज्याचा कर्ता दिसत नाही असे हे दुःख. ते साहजिकच दिसणारा कर्ता शोधते. शेजारचा माणूस, दुसरी जात, दुसरा धर्म हे तेव्हा हाताशी असतात. आर्थिक अस्थैर्य आणि न बोललेला इतिहास यांचा सांधा येथे जुळतो. जागतिकीकरण आणि ऐतिहासिक आघात हे दोन वेगळे विषय म्हणून शिकवण्यात म्हणूनच अर्थ नाही.

२०२३ या एका वर्षाने हा सगळा गुंता उघडा केला. त्या वर्षी, मुक्तिसंग्रामाच्या अमृत महोत्सवाच्या सुमारास, सातव्या निजामाच्या नावावरून आलेले ‘उस्मानाबाद’ हे नाव जाऊन जिल्ह्याचे ‘धाराशिव’ झाले. त्याच वर्षी मराठा आरक्षणाच्या आंदोलनामुळे कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि निजामकाळातील दप्तरांसाठी हैदराबादपर्यंत धाव घ्यावी लागली. २ सप्टेंबर २०२५ च्या शासननिर्णयाने हैदराबाद गॅझेटियरच्या नोंदींना आधार म्हणून मान्यता दिली. म्हणजे ज्या राजवटीचे नाव फलकावरून उतरवले, तिच्याच कागदांत आपण कोण आहोत याचा पुरावा शोधावा लागला. ते कागद मोडीत आणि उर्दूत होते, आणि ते वाचणारे शोधावे लागले. खासरा, पहाणी, मुंतखब हे शब्द ज्या पिढीच्या तोंडी सहज होते ती निघून गेली, आणि त्यांच्या लिप्या आपण आपल्या मानल्या नाहीत.

नाव बदलावे की नाही, हा येथे वाद नाही. धाराशिव हे नाव जुने आहे, लोकांच्या तोंडी होते, आणि त्यावर प्रेम असणे स्वाभाविक आहे. परंतु नाव बदलल्याने इतिहासाचा तो भाग आपल्यातून निघून जातो, असे समजणे भाबडेपणाचे होईल. आमची शेळी देशभर ‘उस्मानाबादी’ म्हणूनच ओळखली जाते, आणि बोलीत दख्खनी शब्द ठायी ठायी आहेत.

‘जुन्या जखमा कशाला उकरायच्या?’ हा आक्षेप मी हलक्याने घेत नाही. ज्या गावात आज लोक एकत्र नांदतात तेथे जुने उघडल्याने नवा कलह पेटेल, ही भीती खोटी नाही. पण जखमा आधीच उकरल्या जात आहेत. फक्त ते काम गावाबाहेरचे लोक, आपल्या सोयीने करीत आहेत. दुसरा आक्षेप असा की, कारवाईनंतरच्या हत्यांविषयी बोलणे म्हणजे रझाकारांचे पाप सौम्य करणे. तसे अजिबात नाही. रझाकारांनी जाळलेल्या घराचा हिशेब दुसरे घर जाळल्याने फिटत नाही आणि दुसऱ्या घराविषयी बोलल्याने तो पुसलाही जात नाही. दोन्ही घरे याच जिल्ह्यातली होती, एवढे म्हणता येणे हीच सामूहिक अस्मितेची पहिली पायरी आहे.

हे काम कोणाचे? इतिहासकारांचे आहेच, पण ते आपलेही, म्हणजे साहित्य शिकणाऱ्या-शिकवणाऱ्यांचे आहे. साक्षीचे मोल तिच्या शब्दांत असते, आणि शब्द ऐकण्याचे शिक्षण आपल्या विभागांत मिळते. विद्यापीठाच्या धाराशिव उपपरिसरात आणि जिल्ह्यातील महाविद्यालयांत पदव्युत्तर वर्गाचे प्रकल्प दरवर्षी होतात. त्यांतले बरेचसे ग्रामीण कादंबरीतील स्त्रीचित्रण किंवा अमुक कवीची प्रतिमासृष्टी अशा ठराविक चाकोरीतले असतात. त्याऐवजी प्रत्येक विद्यार्थ्याने १९४८ किंवा १९९३ ची एक साक्ष, सांगणाऱ्याच्या बोलीत, दख्खनी असेल तर दख्खनीत, शब्दन् शब्द उतरवून घ्यावी. प्रश्न ‘दोषी कोण?’ असा नसावा. ‘तुम्ही त्या दिवशी कोठे होता, घरात कोण होते, रात्री कोठे निजलात?’ असे साधे असावेत. सांगणाऱ्याची संमती घ्यावी, नाव हवे तर झाकावे. भूकंपाच्या साक्षी चौरस फुटांच्या भाषेतून बाहेर काढाव्यात, आणि मुक्तिसंग्रामाच्या साक्षींशेजारी त्यानंतरच्या आठवड्यांच्या साक्षी ठेवाव्यात. सोबत उर्दू आणि मोडी वाचण्याचा एखादा छोटा अभ्यासक्रम सुरू झाला, तर आपले कागद आपल्यालाच वाचता येतील.

जानेवारी २०२० मध्ये त्र्याण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन याच शहरात भरले आणि त्याचे अध्यक्षपद फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी भूषवले. एका ख्रिस्ती धर्मगुरूला मराठीने आपल्या सर्वोच्च व्यासपीठावर बसवले ते या मातीत, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. मराठीची अस्मिता इतकी रुंद असू शकते, हे त्या तीन दिवसांत दिसले होते. ती रुंदी समारंभापुरती न राहता स्मरणातही उतरली पाहिजे.

१९४८ साली दहा वर्षांची असलेली माणसे आज पंच्याऐंशीच्या पुढे आहेत. त्यांतली फार थोडी उरली आहेत, आणि त्यांच्याकडे जाण्यासाठी आपल्या हाती फार तर काही वर्षे आहेत. भूकंपातून वाचलेली मुले आज चाळिशीत आहेत. त्यांच्यासाठी वेळ आहे. कामाला पहिल्यांपासून सुरुवात करावी, हे उघड आहे.